तारखेची जागा

एकतीस वर्षं दर गुरुवारी
परगण्याच्या साप्ताहिकात मी तेच लिहीत आलो:
सरकारनं अंग चोरून बसावं,
न्यायाधीशानं आपलं शहाणपण घरी ठेवून यावं,
आणि कायद्यात लिहिलंय तेवढंच वाचावं.
ओळींमधली कोरी जागा
कुणाच्या बापाची नाही.
शर्टाच्या खिशात राज्यघटनेची चिमुकली प्रत,
तिच्यामागे रक्तदाबाच्या गोळ्या.
वकिली सुटली, ही दोन सुटली नाहीत.

यंदा कमिशनरच्या जागेला फरक पडला अकरा मतांचा.
अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये घडीची टेबलं,
बंबाच्या डिझेलचा वास,
आणि फेरमोजणीच्या मंडळावर तिसरा माणूस मी,
कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं
की म्हातारा निदान मोजायला चुकणार नाही.
टपालानं आलेली चौदा पाकिटं.
सही आहे, तारीख नाही.
सगळी नदीकाठच्या वृद्धाश्रमातली,
म्हणजे आमचीच माणसं, आमच्याच चर्चच्या बाकांवरची.
उघडली तर आम्ही जिंकतो.
हे कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी कॉफी मात्र जरा जपून ओतली.

रात्री पक्षाचा फोन:
"एल्वुड, अक्षराला काय चिकटून बसतोस,
कायद्याचा आत्मा बघ."
आत्मा!
पाच वर्षांपूर्वी तो समोरच्या टेबलावर राहत होता,
तेव्हा पाकिटं एकोणीस होती आणि कॉलेजच्या बाजूची,
आणि मी नियमावर बोट ठेवून म्हणालो होतो,
तारीख म्हणजे तारीख.
आता आत्म्यानं बिऱ्हाड बदललं.
त्यांच्या वकीलबाई, ऑगस्टा पेल्टियर,
माझाच जुना लेख घेऊन आल्या, पिवळ्या शाईनं रंगवून,
आणि माझं वाक्य मलाच वाचून दाखवलं,
माझ्यापेक्षा बरं वाचलं.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं,
एवढ्यावर देश चालवायचा असेल
तर घटना कशाला हवी, आत्याबाई पुरे.
मी हे लिहिलंय. तीनदा तरी.
लिहिताना सोपं होतं.

सातवं पाकीट माझ्या भावाचं.
लेलँड क्रायडर.
झटक्यानंतर त्याचा हात आडनावापर्यंत पोचतो
आणि तिथेच थकतो.
शेवटचं अक्षर उताराला लागलेल्या गाडीसारखं
खाली, चौकटीच्या बाहेर.
तारखेची जागा स्वच्छ. कोरी.
तीच जागा, जी कुणाच्या बापाची नाही.

मी "बाद" म्हणालो.
आवाज ठीक निघाला.
पुढच्या सातांनाही म्हणालो.
आम्ही हरलो.
पार्किंगमध्ये ज्याच्या मुलाचं मृत्युपत्र मी फुकट लिहून दिलं होतं
तो माझ्या गाडीवर थुंकला, आणि पेल्टियरबाईंनी
हात पुढे केला, तो मी धरला नाही.
मी त्यांच्यासाठी केलं नव्हतं.

लेलँडला सांगायला गेलो.
त्याची दाढी करत होती ट्वायला मेब्री.
गालावरचा फेस पुसून तो म्हणाला, "बरोबर केलंस,"
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
ट्वायला काही बोलली नाही. वस्तरा धूत राहिली.
पाच वर्षांपूर्वीच्या एकोणीसांत एक तिचं होतं.
दुहेरी पाळी करून ती माझ्या कचेरीत आली होती,
सफेद बूट, डोळ्यांत झोप,
विचारत होती की मी जिवंत आहे, सही माझी आहे,
पाकीट वेळेत पोचलंय,
मग त्या आकड्यानं नेमकं काय सिद्ध होतं?
मी तिला कलम वाचून दाखवलं.
मोठ्यानं, सावकाश,
जसं परदेशी माणसाला वाचून दाखवतात.
ती इथलीच. तिचा पणजा या नदीवर लाकडं वाहायचा.

नियम दोन्हीकडे सारखाच लावला,
एवढं मला कुठेही शपथेवर सांगता येईल.
पण सारखा म्हणजे बरोबर का,
हे खिशातल्या प्रतीत शोधतोय,
दिवा लावून, रात्रीचे दोन.

गुरुवारचा लेख राहिलाय.
त्याऐवजी तिला पत्र लिहायला घेतलं.
कागदाच्या उजव्या कोपऱ्यात
आधी तारीख घातली,
सवयीनं, ठळक.
पुढे अजून काही नाही.